पाचव्या तंबूची तिसरी जागा

आधीच सांगून टाकते : हा माणूस जिवंत आहे आणि ठणठणीत आहे. आपल्याकडे कुणावर चार पानं लिहिली की लोक लगेच चेहरा पाडतात आणि 'कधी गेले हो?' म्हणून विचारतात. कुठे गेले नाहीत. परवाच अमरावतीच्या भाजीबाजारात भेटले. पुतण्याच्या हातगाडीवर कोबी रचून देत होते. पुढच्या रांगेत दर दोन गड्ड्यांमध्ये एका गड्ड्याची जागा मोकळी, आणि मागच्या रांगेतला गड्डा बरोबर त्या फटीमागे. पुतण्या कपाळाला हात लावून उभा. "काका, गिऱ्हाईक कोबी घ्याले येते, लढाई कराले नाही येत," असं तो म्हणत होता. आमचे हे सर त्याला समजावत होते की पुढचा थकला की मागचा फटीतून पुढे येतो, म्हणून रोमचं सैन्य दिवसभर लढूनही ताजं राहायचं. मी पुढचे दोन गड्डे घेतले. सरांनी ताबडतोब मागचे दोन पुढे सरकवले.

आम्ही एका शाळेत अकरा वर्षं शिकवलं. मी गणित, ते इतिहास. शिवाय कवायतीचे शिक्षक निवृत्त झाल्यावर ती जागा काही भरली गेली नाही, तेव्हा पी.टी.चा तासही सरांनी आपणहून मागून घेतला. इतिहास आणि पी.टी. एकाच माणसाच्या हातात गेले की काय होतं, ते आमच्या शाळेनं भोगलं. खरं सांगायचं तर अकरातली पहिली आठ वर्षं मला त्यांचा भयंकर राग यायचा. मी माहेरची अकोल्याची. आम्हाला जे वाटतं ते तोंडावर सांगायची सवय, त्यामुळे हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, "तुमचा राग समोरून येते बाई, म्हणून त्याची भीती नाही."

सरांचं घर भाजीपाला पिकवणारं. गावाबाहेर दीड एकराचा मळा; वांगी, कोबी, दसऱ्या-दिवाळीला झेंडू. नागपूरपलीकडे सर कधी गेले नाहीत. तरुणपणी रद्दीच्या दुकानात त्यांना कव्हर फाटलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं, रोमच्या शिपायांवरचं. पहिली चाळीस पानं नव्हतीच. शब्दकोश मांडीवर घेऊन सरांनी ते तीन वर्षांत वाचलं, आणि मग जे काही पुस्तक मिळेल ते वाचत गेले. पाठ्यपुस्तकात रोमला जेमतेम अर्धं पान होतं. त्या अर्ध्या पानावर सर दिवाळीपर्यंत तळ ठोकून असत आणि उरलेलं सगळं जग मार्चमध्ये दहा दिवसांत उरकत.

राजे-बादशहा यांच्यात मात्र त्यांना काडीचा रस नव्हता. शिपाई काय खायचा, त्याच्या पायात काय, त्याची पाठ कशानं दुखायची, हे सांगायचे. "लढाई तं वर्षातून दोन-चार दिवस. बाकी दिवस काय करे थो? चाले आणि खोदे. रोज संध्याकाळी चालून चालून मेलेला माणूस पहिलं फावडं हाती घे आणि छावणीभोवती खंदक खोदे. मंगच जेवे. सकाळी थे सारं मोडून पुढं. माह्या बापानं जन्मभर वाफे काढले, थो रोमन फौजेत पहिल्या दिवशी पास झाला असता."

एकदा त्यांनी पोरांना सांगितलं, दूर थंडीच्या मुलखातल्या एका चौकीवर कुणा शिपायाला घरून मोजे आणि आतल्या चड्ड्या आल्या होत्या, त्याची चिठ्ठी मातीत सापडली आहे. "दोन हजार वर्षं होऊन राहिले, पण पोराले थंडी वाजते हे मायले तवाही समजे." मी दारातून जात होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, चिठ्ठी आईची होती असं कुठे लिहिलंय?" सर माझ्याकडे बघतच राहिले. "मंग काय कलेक्टरनं पाठवले मोजे?" सगळा वर्ग हसला. मी तरातरा निघून गेले. पण घरी जाऊन माझ्या आईला फोन केला, हेही सांगायला हवं.

पोरं त्यांना सेनापती म्हणायची. ते त्यांना आवडत नसे. "सेनापती घोड्यावर बसते. मी शंभर जणांवरचा नायक, पायी चालणारा. आणि शंभरही नाही, ऐंशीच."

"मंग शंभरांचा काहून म्हणते, सर?"

"सरकारी काम. कागदावर शंभर, जागेवर ऐंशी. तवापासून चालत आलं आहे थे."

शाळेत ते येत खांद्यावर बेचकं असलेली काठी टाकून, आणि काठीला गाठोडं. गाठोड्यात डबा, खुरपं, दोरी, मूठभर गहू आणि सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली. रोमचा शिपाई सगळा संसार असाच काठीवर वाहायचा आणि पाण्यात आंबलेली दारू किंवा सिरका घालून प्यायचा. सरांनी दारू वगळून बाकी सगळं उचललं. स्टाफरूममध्ये त्यांनी बूच उघडलं की लोणच्याची बरणी फुटल्यासारखा वास सुटायचा. मोच्याकडून चपलांना खालून खिळे मारून घेतले होते. खडक खडक आवाज जिन्यावर आला की अख्खी शाळा गप्प. हेडमास्तरांनी ऑफिसात नवी गुळगुळीत फरशी बसवली, त्याच आठवड्यात सर तिच्यावरून असे घसरले की थेट टेबलाखाली. आम्ही धावलो. सर टेबलाखालूनच खूश : "असंच झालं होतं! देवळाच्या फरशीवर एक शूर नायक खिळ्याच्या जोड्यानं असाच घसरला होता!" हेडमास्तरांनी विचारलं, मग पुढे काय झालं त्याचं? "पुढे काय, मेला," सर म्हणाले आणि धूळ झटकत उठले.

रोमच्या फौजेत आठ जणांचा एक तंबू, आणि आठांत मिळून एक जातं. म्हणून घरी सर आपले गहू आपण दळत. मी एकदा त्यांच्या बायकोला विचारलं, वैनी, तुम्ही हे चालवून कसं घेता? त्या म्हणाल्या, "काहून नाही चालवून घेऊ? माह्या मायनं जन्मभर दळलं, मी दळलं. आता हा दळून राहिला तं मले काय दुखते? आन्खी एखादी फौज असंन अशी तं तिचंही पुस्तक आणून दे म्हणा, भांडे घासणाऱ्या शिपायाचं."

आता पी.टी. तुरीच्या काड्या, म्हणजे तुराट्या, विणून सरांनी पोरांसाठी ढाली केल्या. कमरेपासून हनुवटीपर्यंत झाकेल एवढ्या. बाभळीच्या जड लाकडाच्या तलवारी. खऱ्याच्या दुप्पट वजनाच्या, कारण रोमचा नवा रंगरूट तसल्याच वापरायचा, म्हणजे खरी हाती आली की ती हलकी वाटते. मैदानात एक खांब पुरला. सकाळी सकाळी पोरं त्या खांबावर तुटून पडत आणि सरांचा आवाज रस्त्यापर्यंत जाई : "हाणू नको! भोसक! हाणाले हात उचलशीन तं काख उघडी पडते!" पालकांची तक्रार आली नसती तरच नवल. एक आई ओरडत आली, "माह्या पोराले खून कराले शिकवून राहिले हे!" सरांनी तिला शांतपणे तुराटीची ढाल हातात दिली, खांबासमोर उभं केलं आणि दाखवलं की अर्धा वेळ तर शेजारच्याला झाकण्यातच जातो. "ढाल डाव्या हाती. थे आपल्याले अर्धी, डावीकडच्याले अर्धी. उजवीकडचा पोरगा तुमच्या पोराले झाकते आणि तुमचा आन्खी कोणाले. इथं पहिली गोष्ट हेच शिकवतो, ताई." बाईनं ढाल उलटसुलट करून पाहिली. जाताना ढालीला कुठल्या काड्या वापरल्या ते विचारून गेली. तिला कोंबड्यांचं झाकण विणायचं होतं.

मधल्या सुट्टीत नळावर मारामाऱ्या व्हायच्या. सरांनी शिटी लावली. शिटी वाजली की पुढची रांग प्यालेली असो वा नसो, बाजूनं मागे, मागची पुढे. मला वाटलं, आता दंगल होणार. आठ दिवसांत नळावरची भांडणं बंद झाली. मी श्रेय दिलं नाही. म्हटलं, पाण्याचा दाब वाढला असेल.

आणि मग ती पाटी. रोमच्या छावणीत रोज नवा परवलीचा शब्द असायचा. लाकडी पाटीवर लिहून तो तंबूतंबूतून फिरायचा आणि पाटी परत आली नाही तर कुणाकडे अडली ते शोधून काढत. सरांची पाटी आठवीच्या वर्गातून रोज फिरायची. शब्द भाजीचाच. आज गवार, उद्या शेपू, परवा दोडका. सर कुणाला बोलावायला पोरगं पाठवत, तर ते आधी शब्द सांगे. नाही सांगितला तर समोरचं जागचं हलत नसे. ती पाटी घेऊन सर स्टाफरूममध्येही येत. "बाई, आजचा शब्द." मी वहीतून डोकं न काढता म्हणे, "मला प्रमेयं पुरेत, सर. तुमची भाजी तुम्हालाच लखलाभ." ते पाटी घेऊन जात. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. या चिवटपणाचाच मला जास्त राग यायचा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते सांगते.

आठवीची सहल अकोल्याला निघाली. गावाबाहेरच्या मोठ्या मैदानावर शेतीचं प्रदर्शन होतं. चाळीस पोरं, एक एस.टी., सर आणि मी. मी अगदी फॉर्मात. अकोला माझं माहेर; तिथे मला कोण काय शिकवणार? सरांनी उतरल्या उतरल्या मैदानाच्या एका कडेला काठी रोवली, तिला लाल गमछा बांधला आणि खुरप्यानं जमिनीवर मोठा चौकोन ओरखडला. बारक्या खंदकासारखा. मग मधून दोन आडवे-उभे रस्ते. मोठा दरवाजा मैदानाच्या फाटकाकडे. पाच चौकटी, पाच तंबू, दर तंबूत आठ जागा. सतरंज्या अंथरल्या की पोरं धावत जाऊन आपापल्या जागेवर बसली. एकानंही विचारलं नाही की सर, मी कुठे.

"रोमची छावणी कोणत्याही देशात जाओ, नकाशा एकच," सर मला सांगत होते. मी विचारलं नव्हतं. "अंधारात, धुक्यात, शिपायाले डोळे मिटून आपला तंबू सापडे. झेंडा कुठी हाय, दरवाजा कुठी हाय, एवढं समजलं का झालं. एकटं पडलं तं धावपळ कराची नाही. आपल्या जागेवर येऊन बसाचं. लोक तुमाले शोधत तिथंच येतीन." मग पोरांकडे वळून मोठ्यानं, "आजचा शब्द, चवळी!" आणि माझ्याकडे बघून हळूच, "चवळी, बाई." मी पर्समध्ये रुमाल शोधत होते.

दोन तंबू घेऊन सर लांबच्या टोकाला, जनावरांच्या मांडवात गेले. दोनला परत येतो म्हणाले. उरलेले तीन माझ्याकडे. त्यातले दोन डबे खात होते, आणि पाचवा तंबू जवळच्याच स्टॉलवर ठिबक सिंचनाचं मॉडेल बघत होता. तेवढ्यात बिल्ला लावलेले दोन कार्यकर्ते आले. "बाई, इथून उठा. पाहुणे येऊन राहिले. इथं गाड्या लागतीन."

मी वाद घातला नाही. उलट बरंच वाटलं; तिथे ऊन चढलं होतं आणि स्टेजच्या पलीकडे एक छान निंबाचं झाड दिसत होतं. मी काठी उपटली, सरांचं गाठोडं उचललं, सतरंज्या गोळा करायला लावल्या आणि सगळ्यांना निंबाखाली आणलं. एका पोरीला पाचव्या तंबूला बोलावायला धाडलं. ते आले. मी मोजलं. तेवीस. गणिताची बाई मी; चोवीसच्या जागी तेवीस म्हणजे काय, ते मला पुन्हा मोजून कळायची गरज नव्हती. तरी तीनदा मोजलं.

पल्लवी नव्हती. ऑटो चालवणाऱ्या एका माणसाची एकुलती एक पोर, बारीक अंगाची, वर्गात फार न बोलणारी. बाकीच्या सात जणांना वाटलं ती पुढे गेली. मी स्टॉलवर गेले. नाही. बियाण्याच्या दालनात नाही. पाण्याच्या टाकीपाशी नाही. निंबाखाली परत येऊन सरांना फोन लावला, तर तो माझ्या शेजारच्या त्यांच्या गाठोड्यातच वाजला! अशी चीड आली मला. मग स्टेजवर गेले आणि माईकवरून नाव पुकारायला लावलं : आठवीची विद्यार्थिनी पल्लवी जिथे असेल तिथून स्टेजजवळ ये, तुझ्या बाई वाट बघत आहेत. एकदा, दोनदा, तीनदा. कोणी आलं नाही.

आपण ज्या गर्दीत लहानाचे मोठे झालो ती गर्दी एकदम अनोळखी वाटायला लागते. प्रत्येक माणूस संशयित. फाटकाबाहेर हायवे, त्यावर ट्रक. मी नको नको ते डोळ्यांपुढे आणत होते आणि तिच्या आईशी मनातल्या मनात बोलत होते. आमची जुनी जागा होती तिथे आता दोरी बांधली होती आणि आत गाड्याच गाड्या. दोरीपाशी उभी राहून मी ओरडले, "पल्लवीऽऽ! ए पल्लवी!" कार्यकर्ता म्हणाला, "इथं कोनी नाही बाई, गाड्या लावून आमीच बाहेर आलो." मला पटलं. उठून आलेल्या रिकाम्या जागी कोण कशाला जाईल?

दीड तास. त्या दीड तासाचं मी आणखी काही सांगणार नाही.

बरोबर दोन वाजता सर आले, मागे सोळा पोरं दोन रांगांत. निंबाखालचा गमछा पाहून थबकले.

"झेंडा कोणं हलवला?"

माझा बांध फुटला. "पोरगी हरवली आहे, सर! पल्लवी सापडत नाही! आणि तुम्हाला झेंड्याचं पडलंय?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण आवाज तसाच राहिला. "किती वाजता हलवला?"

"साडेबाराला. पाहुण्यांच्या गाड्या..."

"पल्लवी पाचव्या तंबूत. तिसरी जागा." हे ते मला सांगत नव्हते. सवयीनं गाठोडं खांद्याला अडकवलं, वळले आणि फाटकाकडे चालायला लागले. मी मागे धावले. फाटकाला पाठ लावून ते उभे राहिले आणि तोंडानं मोजत निघाले. दर दोन पावलांना एक आकडा. रोमचा शिपाई तसंच मोजायचा, हे मला नंतर कळलं. दोरी आली, ते वाकून आत गेले. कार्यकर्ता आडवा आला. "ओ काका, तिकडे जाता येत नाही!" सरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बावीस, तेवीस..." दोन गाड्यांच्या मधून वळले. जमिनीवर खुरप्याचा ओरखडा होता, टायरनं अर्धा पुसलेला. तो बघून ते उजवीकडे सरकले. पाण्याचा एक टँकर आणि एक पांढरी जीप यांच्यामध्ये अंधारी फट होती. तिथे थांबले. घसा खाकरला.

"चवळी," सर म्हणाले.

"हजर, सर!"

ती टँकरच्या सावलीत मांडी घालून बसली होती. डबा खाऊन, धुऊन, दप्तरात ठेवून. तोंडावर जराही भीती नाही, फक्त कंटाळा.

मी तिला उचलली. तेरा वर्षांची पोर, मला उचलता आली कशी देव जाणे. रडले, मुके घेतले, आणि मग हात उगारला. "इतक्या हाका मारल्या मी! माईकवर नाव घेतलं! ऐकू नाही आलं तुला?"

"आलं नं, बाई."

"मग ओ का नाही दिली?"

"तुमी शब्दच नाही सांगितला," पल्लवी म्हणाली. "माईकवर तं कोनीबी कोनाचंबी नाव घेते. अन् तुमचा आवाज गाड्यांच्या तिकडून आला, मले दिसल्या नाही तुमी. सर म्हनते, आवाजावर उठाचं नाही." मग जरा थांबून, "मी आली तवा गाड्या लागून राहिल्या होत्या. झेंडा नोता. पण रेघ होती."

उगारलेला हात मी कुठे ठेवावा ते मला कळेना. त्या पोरीनं एकही चूक केली नव्हती. छावणी मी मोडली होती. शब्द मला नको होता. ते तिच्यासमोर, भर उन्हात, दोन गाड्यांच्या फटीत मला समजलं आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. पण खरं सांगू? त्या वेळी लाजेपेक्षा आनंदच इतका होता की लाज मागच्या रांगेत उभी राहिली.

सर खाली बसले होते. जीपच्या चाकाला टेकून, जमिनीवर. सिरक्याची बाटली काढली होती आणि बूच त्यांना उघडत नव्हतं. मी उघडून दिली. मला वाटलं, आता हा माणूस मला बोलणार, आणि बोलावंच. ते म्हणाले, "चूक माही झाली, बाई."

"तुमची? सर, मी..."

"तुमी पाहुण्याच्या लोकाइचं ऐकलं, त्यात काय. छावणी उठवाची तं तीनदा शिंग वाजे. पहिल्या शिंगाले तंबू पाडाचे, दुसऱ्याले सामान खेचरावर लादाचं, तिसऱ्याले निघाचं. मांगं राहिला त्याले समजावं म्हणून. मी पोराइले बसाले शिकवलं, उठाले नाही शिकवलं. आठ वर्षं झाली शिकवून राहिलो, अर्धंच शिकवलं." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. ते रडणं सुटकेचं होतं, आणि मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून मनसोक्त रडून घेतलं. कार्यकर्ता घाबरून पाणी घेऊन आला. पल्लवी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

परतीच्या एस.टी.त पोरांनी दंगा केला. पाढे म्हटले, गाणी म्हटली, एकानं शेव उधळली. एरवी मी डोळे वटारले असते. त्या दिवशी सगळा आवाज कानाला गोड लागत होता. मी नुसती मागे वळून वळून चाळीस डोकी मोजत होते. प्रत्येक वेळी चाळीसच भरायची. बडनेरा मागे पडल्यावर मी सरांना हळूच विचारलं, "घरी सांगायचं का?"

"सांगाचं."

"अहो, सापडली नं. वडील बिचारे उगाच..."

"सांगाचं, बाई. रात्रीच्या पहाऱ्यावर काय झालं थे सकाळी सांगणं, हेच पहाऱ्याचं काम."

मी वाक्य जुळवत बसले. 'थोडीशी चुकामूक झाली होती' असं एक, 'गर्दीत जरा मागे राहिली' असं एक. गणितात मी अशी उत्तरं चालवून घेत नाही, पण माणूस घाबरला की कसलीही उत्तरं चालवतो. शाळेपुढे बस लागली तेव्हा संध्याकाळ होत होती. पल्लवीचे वडील ऑटोला टेकून उभे. सर पहिले उतरले आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. मी मागोमाग.

"भाऊ, तुमची पोरगी आज दीड तास हरवली होती. चूक आमची हाय. पोरगी ठीक हाय, जेवलेली हाय, पण तुमाले सांगणं आमचं काम."

त्या माणसाचा चेहरा क्षणभर असा झाला की मी खाली बघितलं. माझी सगळी जुळवलेली वाक्यं विरून गेली. त्यानं पोरीला जवळ ओढलं, तिचं डोकं, हात, खांदे चाचपून पाहिले, मग आवाज चढवून विचारलं, "कुठी हरवली होती वं तू?"

पल्लवीला ते आवडलं नाही. तिनं दप्तराचा पट्टा नीट केला.

"मी कुठी हरवली, बाबा? मी तं माह्या जागेवरच बसून होती. बाई हरवल्या होत्या."

वडील माझ्याकडे बघायला लागले. सर एक पाऊल मागे सरकले. ते मला वाचवणार नाहीत हे मला कळलं, आणि बरं वाटलं.

"हो भाऊ," मी म्हटलं. "मीच हरवले होते."